पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क की एसएसडी? महत्त्वाचा डेटा नेमका कुठे ठेवायचा

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. अभिलेख कक्षांमधले रुमाल सुटले. निजामकाळातली आणि त्यानंतरची महसुली पत्रकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14 अशी पानं पुन्हा उजेडात आली. त्यांतली कित्येक मोडीत होती, कित्येक उर्दूत. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकण्यात आल्या.

पुढे काय होतं, हे उमरीसारख्या तालुक्याच्या गावात कुणालाही विचारा. पणजोबांच्या नावाचं पान पीडीएफ होऊन मोबाइलवर येतं. झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रिंट निघते. मूळ फाइल दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर, एखाद्या पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपच्या भावकी ग्रुपवर राहून जाते. सहा महिन्यांनी तीच फाइल पुन्हा लागली की शोधाशोध सुरू होते.

कापडात बांधलेल्या त्या कागदाने वाळवी, दमट हवा आणि राज्यं बदलणं, हे सगळं सोसून सत्तर-ऐंशी वर्षं काढली. त्याच पानाची फाइल ज्या पेन ड्राइव्हवर आहे, तो पुढच्या उन्हाळ्यानंतर चालेल याची खात्री कुणी देत नाही.

गोंधळ होतो तो इथे. स्टोरेज विकत घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात, किती जीबी आणि किती रुपये. पण डेटा साठवण्याची कामं तीन वेगवेगळी आहेत. एक, कॉम्प्युटर चालवणं. दोन, डेटा इथून तिथे नेणं. तीन, डेटा वर्षानुवर्षं जपून ठेवणं. या तिन्ही कामांसाठी एकच वस्तू घेतली की कुठेतरी फसगत ठरलेली.

हार्ड डिस्क: रॅककडे चालत जाणारा शिपाई

हार्ड डिस्कच्या डबीत चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेऱ्या मारतात. तबकडीवर अगदी सूक्ष्म अंतरावर तरंगणारा एक हेड चुंबकीय खुणा वाचतो आणि लिहितो. कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने 1956 मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात 50 तबकड्या होत्या आणि क्षमता होती जेमतेम 5 एमबीच्या आसपास. आज मोबाइलने काढलेला एखादा फोटोही त्यात मावला नसता.

तहसीलच्या अभिलेख कक्षाचं उदाहरण घ्या. तुम्ही अर्ज दिलात की शिपाई रॅककडे चालत जातो, रुमाल शोधतो, सोडतो, पान काढून आणतो. एकाच रुमालातली सलग शंभर पानं हवी असतील तर काम झटपट होतं. पण शंभर वेगवेगळ्या रुमालांतलं एकेक पान मागितलं तर दिवस जातो. हार्ड डिस्कचं नेमकं हेच आहे. मोठी सलग फाइल ती सेकंदाला 100 ते 200 एमबी वेगाने वाचते. विंडोज सुरू करताना मात्र हजारो छोट्या फाइल्स लागतात आणि तिथे ती दमते.

म्हणूनच सेवा केंद्रातला जुना कॉम्प्युटर सकाळी चालू करून चहा पिऊन आलं तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असतं. बहुतेक वेळा प्रोसेसर बिचारा रिकामाच बसलेला असतो. वाट बघायला लावते ती हार्ड डिस्क.

एसएसडी: चालणंच नाही

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी हा तिचा पाया. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि मोबाइलमधलं स्टोरेज हे सगळे त्याच कुळातले. लाखो-कोटी सूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युतभार कोंडून ठेवायचा आणि त्याच्या पातळीवरून माहिती वाचायची, असं हे तंत्र. कुठल्याही कप्प्यापर्यंत पोहोचायला जवळपास सारखाच वेळ लागतो, त्यामुळे शिपायाची पायपीट वाचते.

पाच-सात वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर पैसे घालायचेच असतील तर पहिला खर्च हाच करावा. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी 256 किंवा 512 जीबीची एसएसडी बसवून बघा. तेवढ्याने बहुतेक तक्रारी संपतात.

दुकानात गेल्यावर मात्र दोन शब्द गोंधळात टाकतात. साटा आणि एनव्हीएमई ही डेटा नेण्याच्या रस्त्यांची नावं आहेत. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत जातो, तर एनव्हीएमईचा 3,500 आणि नव्या पिढीत 7,000 एमबीच्या आसपास. एम.2 हे मात्र फक्त आकाराचं नाव आहे. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.2 एसएसडी साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही. ‘एम.2 आहे म्हणजे फास्टच’ असं कुणी सांगितलं तर खोक्यावर एनव्हीएमई लिहिलंय का ते बघा, आणि आपल्या मदरबोर्डला कुठला प्रकार चालतो हे आधी तपासा. जुन्या मशीनमध्ये साधी अडीच इंची साटा एसएसडीच बसते. त्यात कमीपणा काही नाही. हार्ड डिस्कवरून तिच्यावर आल्यावर जो फरक जाणवतो, तो तिच्यावरून एनव्हीएमईवर गेल्यावर रोजच्या कामात जाणवत नाही.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ ही भीतीही बऱ्याच जणांना असते. ती खरी आहे, पण घरच्या वापरात तिचं ओझं घ्यायची गरज नाही. 1 टीबीच्या बऱ्यापैकी एसएसडीवर 600 टीबीपर्यंत लिहिण्याची हमी असते. रोज 50 जीबी लिहिलं तरी तो आकडा गाठायला बत्तीस वर्षं लागतील.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. कप्प्यात कोंडलेला विद्युतभार हळूहळू गळतो. एसएसडी वापरात असेपर्यंत आतला कंट्रोलर त्याची काळजी घेत राहतो. कपाटात पडून राहिली की ती काळजी थांबते. या उद्योगाचं मानक ठरवणाऱ्या जेडेक संस्थेची अपेक्षाही माफक आहे. हमीइतकी झिजलेली साधी एसएसडी बंद अवस्थेत 30 अंश तापमानाला एक वर्ष डेटा धरून ठेवेल, एवढीच. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते. पण तापमान वाढलं की गळती वाढते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटाचा पारा किती असतो हे मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ एसएसडीवर टाकून ती पाच वर्षं ट्रंकेत ठेवणं हा चांगला बेत नाही. पेन ड्राइव्हसाठी तर अजिबातच नाही, कारण त्यात बहुधा स्वस्तातली मेमरी वापरलेली असते.

एका लग्नाचा हिशेब

हा सगळा प्रश्न सर्वांत जास्त कुणाला छळत असेल तर तो तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओवाल्यांना. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते आणि मेपर्यंत उसंत नसते.

4के व्हिडिओ 100 मेगाबिट वेगाने रेकॉर्ड केला तर तासाला 45 जीबी जागा खातो. दोन कॅमेरे आणि प्रत्येकाचं पाच तासांचं शूटिंग धरलं तर 450 जीबी झाले. त्यात दोन हजार रॉ फोटो धरा, प्रत्येकी 25 एमबीचे. ते आणखी 50 जीबी. म्हणजे हळद, लग्न आणि वरात मिळून एका घरचा डेटा अर्धा टीबी. सराईत वीस लग्नं केली तर 10 टीबी. ‘1 टीबी घेतलीय, वर्षभर पुरेल’ हा अंदाज दुसऱ्याच लग्नाला संपतो.

त्यातही 1 टीबीची डिस्क कॉम्प्युटरला लावली की 931 जीबीच दिसते आणि दुकानदाराशी वाद होतो. इथे दुकानदाराचा दोष नाही. कंपन्या 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज मोजताना 1,024 च्या पटीत मोजतं आणि लिहितं मात्र जीबीच. बाइट तेवढेच असतात, मोजायचं माप वेगळं.

आता हाच अर्धा टीबी एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा आहे असं समजा. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टला लावलं तर चार तासांहून जास्त वेळ जाईल. यूएसबी 3.0 ला लावलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर साधारण सव्वा तास लागेल. साध्या एक्स्टर्नल एसएसडीवर वीस मिनिटं. आणि 10 मेगाबिट अपलोड वेग असलेल्या इंटरनेटवरून क्लाउडवर चढवायचं म्हटलं तर साडेचार दिवस, तेही मधे लाइट गेली नाही तर. यूएसबी 3.0 चं पोर्ट बहुतेक कॉम्प्युटरवर आतून निळं असतं. नवी महागडी डिस्क चुकीच्या भोकात लावून ‘स्लो आहे’ म्हणणारे कमी नाहीत.

यातून स्टुडिओसाठी उत्तर आपोआप निघतं. एडिटिंग एसएसडीवर, ने-आण एक्स्टर्नल एसएसडीवर आणि काम संपलेली लग्नं मोठ्या हार्ड डिस्कवर. दर टीबीमागे हार्ड डिस्क आजही एसएसडीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि बंद ठेवली तर चुंबकीय खुणा विद्युतभारापेक्षा जास्त काळ टिकतात. फक्त ती आपटू द्यायची नाही. मोटरसायकलच्या डिकीत उमरी ते नांदेड हार्ड डिस्क नेणं टाळावं. रेल्वेने नेत असाल तरी स्वेटरमध्ये गुंडाळून न्या, हसणारे हसू देत.

हार्ड डिस्क घेताना खोक्यावर न दिसणारा एक फरकही विचारून घ्या. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. या प्रकाराला एसएमआर म्हणतात. एकदा भरून ठेवायला ती चालते, पण सतत खोडून नव्याने लिहायचं असेल तर फार मंदावते. रोजच्या कामासाठी सीएमआर प्रकारची घ्यावी.

मेमरी कार्डवरचे आकडे

कॅमेऱ्याच्या कार्डवर एवढं काही छापलेलं असतं की वाचायचा कंटाळा येतो. व्हिडिओसाठी एकच बघा, व्ही30. त्याचा अर्थ कार्ड सेकंदाला किमान 30 एमबी वेगाने सलग लिहू शकतं. वरचा 12.5 एमबीचा व्हिडिओ त्यात आरामात बसतो. मोठ्या अक्षरात छापलेले 150 किंवा 200 एमबी हे बहुधा वाचण्याचा वेग सांगतात, लिहिण्याचा नाही. कॅमेऱ्याला दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्ड करायची सेटिंग सुरू ठेवावी. कन्यादान दुसऱ्यांदा शूट करता येत नाही.

पाचशे रुपयांत 2 टीबी?

सोशल मीडियावर 2 टीबी पेन ड्राइव्हच्या जाहिराती सतत फिरत असतात. एवढ्या पैशांत तेवढी मेमरी बनतच नाही. आत 16 किंवा 32 जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरला तो 2 टीबी सांगतो, फाइल्स घेतोही, नावंही दाखवतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा आधीच्या डेटावर लिहिला जातो. महिनाभराने फाइल उघडायला गेल्यावर ही फसवणूक कळते, तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतं. नवा पेन ड्राइव्ह किंवा कार्ड घेतलं की डेटा टाकण्याआधी ही चाचणी करावी. हार्ड डिस्क आणि एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो वापरता येतं. डिस्क आजवर किती तास चालली आहे हे त्यात दिसतं. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती तिथल्या तिथे परत करा.

वॉरंटीबद्दलही एक गैरसमज आहे. तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते ती वस्तूची. डिस्क गेली तर कंपनी दुसरी देईल, त्यावरचे फोटो देणार नाही.

एकच प्रत म्हणजे नसल्यासारखीच

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो हार्ड डिस्कपैकी किती बंद पडतात याचे आकडे अनेक वर्षं जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास राहिलं आहे, तेही थंड, स्वच्छ, वीज न जाणाऱ्या डेटा सेंटरमध्ये. आपल्याकडची धूळ, उकाडा आणि लोडशेडिंग त्यात धरलेलं नाही.

यावर सर्वांत जास्त सांगितला जाणारा नियम एका फोटोग्राफरनेच लोकप्रिय केला. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरचा 3-2-1 नियम असा: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. शेवटची अट लोक सोडून देतात. दोन्ही हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवतात. 21 जून 2012 ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. जीव गेले आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फाइल्सही जळाल्या. ज्यांची प्रत दुसऱ्या इमारतीत नव्हती, त्या तेवढ्यावरच संपल्या. 2025 च्या पावसाळ्यात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अतिवृष्टीने घरांत पाणी शिरलं, तिथेही कपाटाच्या खालच्या आणि वरच्या कप्प्यांत फार फरक उरला नव्हता. एक प्रत नांदेडला बहिणीकडे किंवा पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे ठेवायला पैसे लागत नाहीत.

आणि ठेवलेली प्रत उघडते का हेही बघत राहावं लागतं. 1998 मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी 2’ च्या बऱ्याचशा फाइल्स चुकून पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नव्हता हे तेव्हाच कळलं. सिनेमा वाचला तो घरून काम करणाऱ्या एका सहकारी महिलेच्या कॉम्प्युटरवर प्रत होती म्हणून.

मग त्या पीडीएफचं काय?

घरच्या कागदपत्रांचं गणित लग्नाच्या उलट आहे. आधी ती दोन ढिगांत वेगळी करा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हरवला तर महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपये भरून पुन्हा निघतो. आधार, वाहन परवाना आणि कित्येक गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असतात आणि तिथे जारी झालेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदपत्रांसारखीच धरली जातात. या ढिगाची फार चिंता नको.

दुसरा ढीग म्हणजे पुन्हा न मिळणारं किंवा मिळवायला चपला झिजवणारं: पणजोबांची नोंद, जुनी खरेदीखतं, वाटणीपत्र, आजीचा एकुलता एक फोटो. हे सगळं स्कॅन केलं तरी बहुतेक घरांत एक-दोन जीबीच्या वर जात नाही. त्यासाठी टीबी विकत घ्यायची गरजच नाही. गूगलच्या मोफत 15 जीबीत एक प्रत, घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर दुसरी, आणि नावाजलेल्या कंपनीच्या 32 जीबी पेन ड्राइव्हवर तिसरी, जो दुसऱ्या घरी ठेवायचा. दर दिवाळीच्या साफसफाईत तो एकदा लावून फाइल्स उघडून बघायच्या आणि चार-पाच वर्षांनी नव्यावर उतरवायच्या.

क्लाउडच्याही अटी आहेत. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्याच 15 जीबीत मोजला जातो, त्यामुळे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पणजोबांची जागा खातात. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. आणि व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे साठवण नव्हे. तिथे साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि मोडीतली बारीक अक्षरं पुसट होतात. नोंदीचं पान पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फाइलला नाव देण्याचा आळस करू नये. ‘स्कॅन0047’ पेक्षा ‘पणजोबांचं नाव, गाव, कागदाचा प्रकार, वर्ष’ असं लिहिलं तर वीस वर्षांनी घरातल्या दुसऱ्या कुणालाही ती सापडेल.

बिघडलीच तर, आणि विकायची असेल तर

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला की पहिलं काम म्हणजे ती बंद करणं. पुन्हा पुन्हा लावून बघितलं की हेड तबकडी खरवडत जातो. व्हिडिओ बघून ती उघडू नका आणि फ्रिजमध्येही ठेवू नका. पुणे, मुंबई, हैदराबादला डेटा काढून देणाऱ्या लॅब आहेत. खर्च हजारांत जातो, पण काय अडकलंय त्यावर तो ठरवावा. हार्ड डिस्कवरून चुकून डिलीट झालेली फाइल लगेच प्रयत्न केला तर बऱ्याचदा परत मिळते. कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवर ती शक्यता फार कमी, कारण डिलीट केलेली जागा ती स्वतःहून साफ करून टाकते.

नवीन विंडोज 11 लॅपटॉपवर अनेकदा बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. लॅपटॉप जळाला आणि एसएसडी शाबूत असली तरी किल्लीशिवाय आतला डेटा मिळत नाही. ती 48 अंकी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का बघून कागदावर लिहून ठेवा.

जुना कॉम्प्युटर भंगारात किंवा ओएलएक्सवर देताना उलटी काळजी घ्यायची. हार्ड डिस्क नुसती ‘क्विक फॉरमॅट’ केली तर फक्त यादी पुसली जाते, पानं तशीच राहतात. पूर्ण फॉरमॅट करून मगच द्यावी. सेवा केंद्राचा किंवा सायबर कॅफेचा कॉम्प्युटर असेल तर डिस्क काढून घेऊन बाकीचं विकणं जास्त बरं, कारण तिच्यावर गावातल्या कितीतरी जणांचे आधार आणि पासबुक पडलेले असतात.